निकी सालापू, तुम्ही पुन्हा गोलपोस्टसमोर उभे राहिलात म्हणून

प्रिय निकी सालापू यांस,

सप्रेम नमस्कार.

मी शाळकरी मुलांच्या एका फुटबॉल संघाला शिकवते. आमचा संघ बराच काळ फक्त हरत आला होता. अलीकडे आम्ही आमचा पहिला सामना जिंकला, १-०. त्याच संध्याकाळी ठरवलं की तुम्हाला पत्र लिहायचं आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहायचं. आपली ओळख नाही, भेटही कधी होईल असं वाटत नाही. तरीही या विजयात तुमचा वाटा आहे.

झालं असं की आमचा गोलकीपर एका मोठ्या पराभवानंतर सरावाला यायचा बंद झाला. काही पालकांनी तर सांगूनच टाकलं, त्याला बदला. मी त्याच्या घरी गेले आणि त्याला तुमची गोष्ट सांगितली. धीर द्यायचा म्हणून गोड करून नव्हे, आकड्यांसकट. त्याने सगळं मन लावून ऐकलं आणि एवढंच विचारलं, ‘त्याच्यानंतर ते परत खेळले?’ मी म्हटलं, ‘खेळले. दहा वर्षांनंतरसुद्धा.’ पुढच्या सरावाला तो ग्लोव्ह्ज घेऊन हजर होता.

हे पत्र वाचणाऱ्या आमच्याकडच्या ज्या लोकांना तुमचं नाव माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं मागे जायला हवं. तुम्ही अमेरिकन सामोआचे गोलकीपर. प्रशांत महासागरातली अमेरिकेच्या ताब्यातली ही छोटी बेटं, पण त्यांचा फुटबॉल संघ स्वतंत्र.

११ एप्रिल २००१. ऑस्ट्रेलियातलं कॉफ्स हार्बर, २००२च्या विश्वचषकाची पात्रता फेरी. ऑस्ट्रेलिया ३१, अमेरिकन सामोआ ०. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला तो सर्वांत मोठा विजय ठरला. एकट्या आर्ची थॉम्पसनने १३ गोल केले. मध्यंतरालाच १६ झाले होते. गोल मोजणाऱ्यांचाही हिशेब चुकला, फलकावर ३२ लागले आणि नंतर एक कमी करावा लागला. हे सगळं पुन्हा पुन्हा छापून आलं, अजूनही येतं. मात्र त्या दिवशी तुमच्यापुढे बचावाला कोण उभं होतं, हे फार थोड्या ठिकाणी सांगितलं जातं, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

स्पर्धेच्या तोंडावर नियमाचा मुद्दा आला की खेळाडूंकडे अमेरिकेचा पासपोर्ट हवा. मूळ वीस जणांच्या संघातून एकच जण पात्र ठरला, तो म्हणजे तुम्ही. वीस वर्षांखालच्या संघातून मुलं घ्यावीत, तर त्यांच्या शाळेच्या परीक्षा चालू होत्या. शेवटी मिळतील ती पोरं गोळा करून संघ उभा केला. त्यात पंधरा वर्षांची मुलंही होती. काहींनी तर तोवर पूर्ण नव्वद मिनिटांचा सामनाच खेळलेला नव्हता. समोर होता व्यावसायिक खेळाडूंचा ऑस्ट्रेलियन संघ, ज्याने दोनच दिवस आधी टोंगाला २२-० असं हरवलं होतं. अशा दिवशी गोलकीपरच्या नावापुढे एकतीस लिहिणं सोपं असतं. तुम्ही अडवलेल्या फटक्यांचा आकडा मात्र कुणाच्या तोंडी नाही. त्या सामन्याची वर्णनं वाचताना मला दर वेळी वाटतं की तुम्ही नसतात तर आकडा कुठे जाऊन थांबला असता!

त्या एका स्पर्धेत तुमच्या संघाने चार सामन्यांत ५७ गोल खाल्ले आणि एकही केला नाही. मोठ्या आणि छोट्या संघांना असं थेट समोरासमोर आणू नये, ही चर्चा याच सामन्यानंतर जोरात सुरू झाली. पुढच्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांना पहिल्या फेरीत उतरावंच लागलं नाही. म्हणजे नियम करणाऱ्यांनीही मान्य केलं की दोष त्या मुलांचा नव्हता. पण नियम बदलले म्हणून नावाला चिकटलेला आकडा निघत नाही. तुम्ही दूर सिअ‍ॅटलला राहायला गेलात, तरी तो तुमच्याबरोबर आलाच.

आता मला समर्थकांबद्दल बोलायचं आहे, कारण मी शिकवते तेवढीच समर्थकही आहे, आणि तुमचे खरे आभार मला तिथेच मानायचे आहेत.

सतत हरणाऱ्या संघाच्या समर्थकाची अपेक्षा हळूहळू लहान होत जाते. सुरुवातीला वाटतं, जिंकावं. मग वाटतं, निदान बरोबरी व्हावी. मग एक तरी गोल व्हावा. मग दहाच्या आत आटपावं. शेवटी तो मैदानावर येतो तो केवळ आपली माणसं खेळत आहेत म्हणून, आणि हरल्यावर त्याला वाईटही वाटेनासं होतं. आमच्या मुलांच्या आईवडिलांच्या चेहऱ्यावर मी हे पाहिलं आहे. सामना संपला की ते शांतपणे डबे आवरायचे. मुलं हरली याचं दुःख कुणाला नसायचं, आणि मला त्या शांततेची फार भीती वाटायची. मुलांना ती बरोबर कळते. आपल्याकडून कुणाला काही नको आहे, हे मुलांना पराभवापेक्षा जास्त लागतं.

अमेरिकन सामोआच्या लोकांनी हे किती वर्षं सोसलं असेल! १९९८ साली फिफाचं सदस्यत्व मिळालं आणि तेव्हापासून पराभवच पराभव, सलग तीस. २००९च्या सप्टेंबरमध्ये त्सुनामीने बेटांवर माणसं गेली, घरंदारं गेली. २०११च्या पॅसिफिक गेम्समध्ये संघ पाचही सामने हरला, एकही गोल न करता. आणि त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, शेजारच्या सामोआ या वेगळ्या देशात, अपिया शहरात, विश्वचषकाची पात्रता फेरी होती. थॉमस राँगेन हे अमेरिकेत नाव कमावलेले डच प्रशिक्षक जेमतेम तीन आठवडे आधी बेटावर पोहोचले होते. आणि तुम्ही सिअ‍ॅटलहून परत आलात.

या परत येण्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. तोवर तुम्ही तिशी ओलांडली होती. न येण्यासाठी शंभर कारणं होती आणि त्यातलं एकही खोटं ठरलं नसतं. आणखी एक मोठा पराभव झाला असता तर पुन्हा तुमचंच नाव पुढे आलं असतं. तरी तुम्ही आलात आणि त्याच गोलपोस्टसमोर उभे राहिलात.

पहिला सामना टोंगाशी होता. ऑस्ट्रेलियाकडून २२ गोल खाल्लेला तोच टोंगा, म्हणजे त्यांनाही हे दुखणं परकं नव्हतं. मध्यंतराच्या तोंडावर रामिन ऑटने लांबून फटका मारला आणि तुमचा संघ १-० असा पुढे गेला. ७४व्या मिनिटाला शालोम लुआनीने दुसरा गोल केला. ८८व्या मिनिटाला टोंगाने एक फेडला. त्यानंतरची ती काही मिनिटं कशी गेली असतील, हे फक्त गोलकीपरलाच कळू शकतं. बचावफळीत जाइया साएलुआ होती. सामोआच्या समाजात पूर्वापार मान्य असलेली फाफाफिने (जन्माने पुरुष, पण बाईसारखं जगणारी व्यक्ती) ही तिची ओळख, आणि विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात खेळणारी ती पहिली ट्रान्सजेंडर खेळाडू. शेवटाला एक चेंडू तिने गोलच्या तोंडातून बाहेर काढला. सामना संपला, २-१. सदस्यत्व मिळाल्यापासूनचा पहिला विजय.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात आणि इथेच संपवतात. मला पुढचे चार दिवस जास्त मोलाचे वाटतात.

दोन दिवसांनी कुक आयलंड्सशी १-१ अशी बरोबरी झाली. आठवडाभर आधी ही बरोबरी म्हणजे उत्सव ठरला असता. पण आता गुणतालिका उघडली गेली! तुमचे चार गुण, सामोआचेही चार. शेवटचा सामना सामोआशीच, आणि जिंकलात तर पुढची फेरी. ज्यांची अपेक्षा परवापर्यंत ‘एक तरी गोल व्हावा’ एवढी होती, ती माणसं आता पुढच्या फेरीचा हिशेब मांडत होती. तो सामना जवळजवळ शेवटपर्यंत गोलशून्य राहिला. अगदी अखेरीस सामोआने गोल केला आणि तुम्ही ०-१ असे हरलात.

हा पराभव तुमच्या लोकांना लागला असेल, आणि लागला असेल याचाच मला आनंद वाटतो. हे वाक्य कुणाला कठोर वाटेल, पण मी ते जपून लिहिते आहे. ३१-० नंतर माणसं सुन्न होतात, ०-१ नंतर ती तळमळतात. तळमळायला मुळात काहीतरी हाताशी आलेलं असावं लागतं. पहिल्या विजयाने तुमच्या समर्थकांना आनंद दिलाच, शिवाय निराश होण्याचा हक्क परत दिला. त्या हक्काशिवाय कुणी समर्थक कसा असेल? नुसता बघ्या असेल.

अपेक्षा वाढली म्हणजे ती पुरी होतेच असं नाही, हेही तुमच्याच संघाने मला शिकवलं. २०१५ साली टोंगात झालेल्या पात्रता फेरीत अमेरिकन सामोआने तीनपैकी दोन सामने जिंकले, टोंगा आणि कुक आयलंड्स दोघांनाही हरवलं. सहा गुण झाले. पण सामोआचे आणि कुक आयलंड्सचेही सहाच झाले, आणि गोलफरकात एकाने सरस ठरून सामोआ पुढे गेला. एका गोलाने! २००१मध्ये ज्या संघाला गोल मोजायला नको वाटत होतं, त्याच संघासाठी आता एकेक गोल मोलाचा झाला होता. मला ही प्रगती पहिल्या विजयापेक्षाही मोठी वाटते.

युरोपातल्या सॅन मरिनो या चिमुकल्या देशाचे समर्थकही याबाबतीत तुमचे सख्खे. त्यांचा पहिला विजय एप्रिल २००४मधला, लिक्टेनस्टाइनविरुद्ध १-०. लोकांना वाटलं असेल, आता गाडं सुरू झालं. दुसरा विजय आला सप्टेंबर २०२४मध्ये. मधे १४० सामने विजयाविना गेले. म्हणजे २००४मध्ये जन्मलेलं मूल वीस वर्षांचं झालं तेव्हा कुठे त्याला आपला संघ जिंकताना दिसला. पण मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी लिक्टेनस्टाइनला त्यांच्याच मैदानावर ३-१ असं हरवलं आणि नेशन्स लीग या युरोपीय स्पर्धेत वरच्या गटात जागा मिळवली. वीस वर्षं सॅन मरिनोचे सामने बघायला जे समर्थक येत राहिले, त्यांच्याविषयी मला विलक्षण आदर आहे.

आता आमच्याविषयी. आम्ही जिंकलो त्या सामन्यात आमच्या गोलकीपरने फार काही चमकदार केलं असं म्हणता येणार नाही. दोन चेंडू नीट पकडले, एक पायाने कसाबसा बाहेर घालवला, आणि शेवटची पाच मिनिटं ओरडून ओरडून बचावाला जागेवर ठेवलं. तो ओरडत होता हे मला सगळ्यात आवडलं. मोठ्या पराभवात तो गप्प झाला होता. ज्याला सामना वाचवायचा असतो तोच गोलकीपर ओरडतो.

त्यानंतर आठवड्याभरात पालकांची भाषा बदलली. उपांत्य फेरी गाठता येईल का, सराव आणखी एक दिवस वाढवता येईल का, अमुक मुलाला पुढे का खेळवत नाही, असे प्रश्न येऊ लागले. पुढचा सामना आम्ही हरलो तेव्हा दोघे तिघे माझ्यावर चिडलेसुद्धा. एका वडिलांनी तर संघनिवडीवरून मला बराच वेळ ऐकवलं. मला ते मनापासून बरं वाटलं. आधी हीच माणसं चिडत नव्हती. एवढं मात्र मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हवं तेवढं माझ्यावर चिडा, मुलांवर नको, आणि गोलकीपरवर तर मुळीच नको. एका विजयावर दहा विजयांचं ओझं चढवलं की मुलं चेंडू मागायला घाबरतात, हेही मी त्यांना सांगितलं. काहींना पटलं, काहींना अजून पटायचं आहे.

तुमचे आभार मानताना इतरांनाही विसरून चालणार नाही. २००१च्या संघातली ती शाळकरी मुलं, ज्यांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत, त्यांनाही माझा नमस्कार सांगा. तुम्ही एकटे उभे होतात असं चित्र रंगवलं जातं, पण ती मुलंही नव्वद मिनिटं मैदान सोडून गेली नव्हती. जाइयाला, रामिनला, शालोमला नमस्कार. राँगेन यांना विशेष. तीन आठवड्यांत कुणाला फुटबॉल शिकवून होत नाही, पण आपण जिंकू शकतो असं वाटायला लावणं तीन आठवड्यांत जमतं, हे त्यांनी दाखवलं. त्यांच्याकडून मी तेवढंच उचललं आहे, आणि सध्या तरी ते पुरतं आहे.

आमच्या गोलकीपरने एक निरोप दिला आहे, तो पोहोचवते. तुम्ही मोठ्या सामन्याआधी ग्लोव्ह्ज ओले करता की कोरडेच घालता, हे त्याला विचारायचं आहे. उत्तर आलं तर मी त्याला वाचून दाखवेन. पुढचा सामना तालिकेत आमच्यावर असलेल्या संघाशी आहे, आणि तो आपण जिंकणार असं त्याचं म्हणणं आहे.

आपली ऋणी,
मुलांच्या एका संघाची प्रशिक्षक