मामा, डायल मूळ धातूवरच लावली

तीर्थस्वरूप मिस्त्री मामांस, सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमच्या लेथवर काय शिकायला मिळतं, ते बाकीच्या पोरांनाही कळू दे.

आमच्या जहाजावर एका हायड्रॉलिक ॲक्च्युएटरची, म्हणजे तेलाच्या दाबानं भाग हलवणाऱ्या यंत्राची, ॲल्युमिनियमची बॉडी खाऱ्या हवेनं खाल्ली होती. तेल अडवणारी रबरी ओ-रिंग बसते नेमके तिथंच खड्डे, त्यामुळे तेल गळायचं. वेल्डिंग करावं तर पातळ बॉडी तापून वाकणार. शिवाय जहाजावर ठिणगी पाडायची म्हणजे हॉट वर्क परमिट, आसपासच्या टाक्यांची तपासणी, आगीवर पहारा. म्हणून बंदरात कोल्ड स्प्रेवाल्यांना बोलावलं.

कोल्ड स्प्रे म्हणजे धातूची भुकटी, कण साधारण ५ ते ५० मायक्रॉनचे, ध्वनीपेक्षा वेगवान झोतात सोडायची. झोताची हवा तापवतात, पण धातू वितळत नाही. कण आपटून चपटा होतो आणि तिथंच धरून बसतो. वेग कमी पडला तर तेच कण उलट पृष्ठभाग खरवडतात. १९८० च्या दशकात सोव्हिएत रशियातल्या नोव्होसिबिर्स्कला विंड टनेलमधल्या प्रयोगांत अनातोली पापिरिन आणि सहकाऱ्यांना हे सापडलं. आमच्याकडे आलेलं यंत्र छोटं, कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारं. भुकटीत ॲल्युमिनाचे कठीण कण मिसळलेले. ते फारसे चिकटत नाहीत, बसलेल्या थरावर ठोके देत राहतात. आवाज असा की मागांच्या खडखडाटात वाढलेल्या मलाही कानावर मफ चढवावे लागले. आणि ठिणगी नाही म्हणून गाफील राहून चालत नाही, हवेत उडालेली बारीक ॲल्युमिनियमची पूड पेट घेते.

पण मामा, भरलेला थर खडबडीत आणि मापाहून जाड असतो. खरं माप लेथवरच निघतं. ती वेडीवाकडी बॉडी चार जबड्यांच्या चकात बांधताना तुम्हीच शेजारी उभे होतात म्हणा ना. समोरासमोरचे दोनच जबडे हलवायचे, एक सैल, एक घट्ट. पार्ट किती वाकडा फिरतो ते दाखवणाऱ्या डायलची सुई जेवढी फिरते त्याच्या निम्मंच सरकवायचं. "घाई नको बे, सुई नाचायची थांबू दे." भरलेल्या शाफ्टला भरावावर डायल लावायची नाही, मूळ धातूवर लावायची, हे तुम्ही किती वेळा बजावलंय! बोअरचा, म्हणजे आतल्या गोल भोकाचा, न खाल्लेला भाग शोधून तिथंच डायल लावली, मग हलके हलके कट घेतले. प्रेशर टेस्टला थेंब गळला नाही. चीफ साहेबांनी "कुठं शिकलास?" विचारलं, तेव्हा कॉलेजचं नाव नाही सांगितलं.

मागाच्या पार्टला हे चालेल का, असं तुम्ही विचारणारच. लोखंडी शाफ्टला तुमचं वेल्डिंग आणि लेथच स्वस्त. हे यंत्र खुलतं ते ॲल्युमिनियम, तांबं अशा मऊ धातूंत. हैदराबादला एआरसीआय या धातूच्या भुकटीवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेत यावर संशोधन चालतं. सुट्टीवर आलो की परवानगीसाठी त्यांना लिहितो. मिळाली तर दोघं जाऊ, तिकिटं मी काढतो.

मामींना नमस्कार.

आपला,
जहाजावरचा भाचा