औषधचाचण्यांतील समन्वयकांच्या पदवीचा प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन पदव्यांच्या विश्वासार्हतेविषयी आपल्या दैनिकात गेले काही दिवस जी पत्रे प्रसिद्ध होत आहेत, त्यांतील बहुतेकांचा सूर ‘घरबसल्या मिळालेली पदवी ती कसली’ असा आहे. मी सध्या अशाच एका पदवीसाठी अर्ज करीत असल्यामुळे माझी बाजू मांडण्याची परवानगी असावी. मी जीएनएम ही परिचर्येची पदविका घेतलेली परिचारिका आहे. काही वर्षे वॉर्डात काढल्यावर गेली अकरा वर्षे परळमधील एका रुग्णालयात औषधचाचण्यांची समन्वयक, म्हणजे आमच्या बोलीत ‘स्टडी कोऑर्डिनेटर’, म्हणून काम करते. अर्ज करते आहे तो अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या ‘क्लिनिकल रिसर्च अॅडमिनिस्ट्रेशन’ या विषयातील ऑनलाइन पदवीसाठी. सेहेचाळिसाव्या वर्षी हा खटाटोप कशासाठी, असे घरच्यांनीही विचारले. याचे उत्तर असे की, पदविकेवर हे काम करणाऱ्या माझ्यासारखीला नोकरी सांभाळून घेता येईल अशी या विषयातील पहिली पदवी मुंबईत शोधूनही मला सापडली नाही. जे अभ्यासक्रम दिसतात ते बहुतांशी पदवीनंतरचे, म्हणजे ज्यांच्याकडे पदवी आहे त्यांच्यासाठीच आहेत.

आमचे काम नेमके काय, हे रुग्णालयातल्याही अनेकांना ठाऊक नसते. चाचणीची जबाबदारी प्रमुख संशोधकाची, म्हणजे डॉक्टरांची असते आणि ते योग्यच आहे. परंतु चाचणीतील रुग्णांचे हित पाहणाऱ्या एथिक्स कमिटीकडे जाणारी कागदपत्रे, औषधाच्या प्रत्येक गोळीचा हिशेब, रुग्णाच्या येण्याजाण्याचा खर्च, चाचणी करवून घेणाऱ्या पुरस्कर्त्या कंपनीशी होणारा करार व त्याचे अंदाजपत्रक, त्या कंपनीच्या वतीने नोंदी पाहणारा मॉनिटर तपासणीला आला की त्याच्यापुढे मांडायच्या नोंदी, हे सारे समन्वयकाच्या टेबलावरून जाते. खाडाखोड करायची तर एकच आडवी रेघ मारून, मूळ शब्द वाचता येईल अशा रीतीने, तारीख आणि आद्याक्षरांसह करायची, व्हाइटनरची बाटली टेबलावर दिसतासुद्धा कामा नये, ही शिस्त मी वॉर्डात नव्हे, इथे शिकले. रुग्णाच्या बाबतीत गंभीर प्रतिकूल घटना घडली तर नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९ यांनुसार संशोधकाला चोवीस तासांच्या आत केंद्रीय परवाना प्राधिकरण, पुरस्कर्ता आणि एथिक्स कमिटी या तिघांनाही कळवावे लागते. ते चोवीस तास गणपतीच्या सुटीत सुरू झाले, तरी घड्याळ थांबत नाही.

सगळ्यांत अवघड काम मात्र संमतिपत्राचे. सही डॉक्टरांसमोर होते, पण बाहेर आल्यावर प्रश्न आमच्यापाशी येतात. मूळ इंग्रजी पत्रकाचे मराठी भाषांतर होते, ते पुन्हा इंग्रजीत उलटे करून पडताळले जाते आणि या दोन्ही कसोट्यांना उतरलेला ‘यादृच्छिक पद्धतीने वाटप’ हा शब्दप्रयोग सावंतवाडीहून आलेल्या आजोबांपुढे ठेवला जातो. भाषांतर अचूक असते. आजोबांना कळत काहीच नाही. ‘तुम्हाला नवे औषध मिळेल की जुने, हे डॉक्टर ठरवत नाहीत, चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते’ असे सांगितले की ते मान डोलावतात, आणि मग खरा प्रश्न विचारतात, ‘म्हणजे आमच्या नशिबात जुनेच आले तर?’ त्याच पत्रकात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचे नाव विचारलेले असते. चाचणीमुळे इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाई देण्याची कायद्यात तरतूद असल्यामुळे ही माहिती घेतली जाते. पण वारसाचा रकाना दिसताच माणूस दचकतो, ‘बाई, मी मरणार आहे का?’ या प्रश्नाला घाईत दिलेले उत्तर खोटे ठरते आणि भीती वाढवणारे उत्तर अन्याय करते. हे कुठे शिकवले जाते? मला कोणी शिकवले नाही. पहिल्या वर्षी मी ज्या चुका केल्या, त्या आठवल्या की आजही अंगावर काटा येतो.

मुंबईला या विषयाचा वारसा जुना आहे, तो येथे आठवल्यावाचून राहवत नाही. वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेल्या प्लेगच्या लशीची पहिली टोचणी १० जानेवारी १८९७ रोजी याच शहरात स्वतःला करून घेतली आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांनी ती स्वेच्छेने घेतली. आज कैद्यांची गणना असुरक्षित गटात होते आणि त्यांच्या ‘स्वेच्छे’वर कोणतीही एथिक्स कमिटी शंभर प्रश्न विचारील. सव्वाशे वर्षांत बदलले ते हेच, आणि हा बदल कागदावरून प्रत्यक्षात उतरवण्यासाठी जी माणसे बसतात, त्यांच्या शिक्षणाची सोय मात्र त्या मानाने वाढली नाही.

या क्षेत्रात शिक्षणाच्या नावाखाली काय घडले, हे मुंबईकरांनी जवळून पाहिले आहे. जानेवारी २००५ मध्ये औषध नियमांतील शेड्यूल ‘वाय’मध्ये, म्हणजे चाचण्यांविषयीच्या अनुसूचीत, दुरुस्ती झाली, परदेशी चाचण्या भारतात आणणे सोपे झाले आणि पाहता पाहता अंधेरीपासून ठाण्यापर्यंत क्लिनिकल रिसर्चच्या पदविका देणारे वर्ग उघडले. माझ्या धाकट्या नणंदेने तेव्हा अशाच एका संस्थेत भली मोठी फी भरली; प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का होता, विद्यापीठाचे नाव नव्हते. पुढे चाचण्यांतील मृत्यू आणि भरपाई यांविषयी स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सरकारला कडक शब्दांत सुनावले, परवानग्यांचा ओघ आटला आणि त्याबरोबर नोकऱ्याही. त्या सुनावण्या आवश्यक होत्या असेच माझे मत आहे, पण त्यानंतर ती संस्था एका रात्रीत गाशा गुंडाळून गेली आणि त्या प्रमाणपत्राची पडताळणी करायला कंपन्यांनी कोणाला फोन करावा, हा प्रश्न उरला. ‘ऑनलाइन म्हणजे फसवणूक’ म्हणणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की, आमची फसवणूक भिंती, फळा आणि वातानुकूलित वर्ग असलेल्या जागेत झाली होती. पदवी कोणत्या माध्यमातून मिळते यापेक्षा ती कोणाच्या अधिकारात दिली जाते, हे आधी पाहायला हवे.

म्हणून या वेळी मी अर्ज भरण्यापूर्वी त्या विद्यापीठाची अधिस्वीकृती, म्हणजे दर्जाची अधिकृत मान्यता, त्याच्या माहितीपत्रकात नव्हे, तर अधिस्वीकृती देणाऱ्या संस्थेच्या यादीत तपासली. अशी पदवी साधारण १२० क्रेडिटची, म्हणजे अभ्यास मोजण्याच्या एककांची, असते आणि आधीच्या शिक्षणाची काही क्रेडिट त्यात धरली जातात. नेमकी किती, हे आपल्या गुणपत्रिकांचे विषयवार मूल्यांकन झाल्याशिवाय कळत नाही. ते मूल्यांकन करणाऱ्या अमेरिकी संस्थेला कागद आपल्या हातून चालत नाहीत, परीक्षा घेणाऱ्या मंडळाने ते मोहोरबंद लिफाफ्यात किंवा थेट पाठवावे लागतात. त्यासाठी मी चार वेळा रजा काढली. दोनदा संबंधित कारकून जागेवर नव्हते, तिसऱ्या वेळी माझे नाव अडले: गुणपत्रिका माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने. विवाहाचा दाखला पुरेल असे मला वाटले होते. प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातील नावबदलाची प्रत आणा, असे उत्तर मिळाले. पुरुष अर्जदारांना या पायरीची कल्पनाही नसते. इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोनच वर्षे ग्राह्य असतात. माझ्या मैत्रिणीने उत्साहाने ती परीक्षा आधी दिली आणि कागदपत्रे जमेपर्यंत तिची मुदत संपत आली, म्हणून मी ती सर्वांत शेवटी दिली.

अर्जासोबत ‘हा अभ्यासक्रम का निवडला’ यावर एक निवेदन लिहावे लागते. पहिला मसुदा मी नेटवरचे नमुने वाचून लिहिला आणि तो कोणाच्याही नावावर खपला असता, इतका गुळगुळीत झाला. तो फाडला आणि वारसाच्या रकान्याची हकिगत आधी मराठीत लिहून मग इंग्रजीत केली. शिफारसपत्रासाठी विभागप्रमुखांकडे जाण्याऐवजी माझ्या नोंदवह्या प्रत्यक्ष तपासलेल्या एका मॉनिटरबाईंकडे गेले. त्यांनी माझ्या चुकांसह लिहिले, याचा मला आनंद आहे. व्याख्याने बहुतेक आपल्या सोयीने ऐकायची असतात, पण अधूनमधून थेट तासही असतो. तिकडचे संध्याकाळचे सात म्हणजे इकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच. डोंबिवलीहून सहाच्या आसपासची लोकल पकडणारीला ही वेळ काही परकी नाही.

खर्चाबद्दल मात्र मी कोणालाही हा मार्ग डोळे झाकून सुचवणार नाही. एकेका क्रेडिटचे शुल्क काही शे डॉलर असते. निम्मी क्रेडिट धरली गेली, तरी उरलेल्यांसाठी समन्वयकाचा कित्येक वर्षांचा पगार लागतो. मी तीन वर्षांचा अभ्यासक्रम पाच वर्षांत करण्याचे ठरवले आहे, ते बुद्धीपेक्षा बँकेच्या खात्याकडे पाहून. शिवाय ही पदवी येथे सरकारी नोकरीसाठी किंवा पुढील शिक्षणासाठी चालेल की नाही, हा प्रश्न वेगळाच. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये नवे नियम केले आहेत. ऑनलाइन पदवीचा विचार करणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वी आपल्या अभ्यासक्रमाबद्दल आयोगाकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी आश्वासन देणाऱ्या सल्लागारांची दादरला वाण नाही. माझ्यापुरते म्हणाल तर मी ज्या कंपन्यांबरोबर काम करते, त्यांना ही पदवी समजते, म्हणून मी हा धोका पत्करते आहे.

आता मूळ मुद्दा. आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये आरोग्यसेवा व संलग्न विषयांचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याखालील विषयांबरोबर मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषण हेही त्यात आले. यामागची काळजी मला पटते. भौतिकोपचार पडद्यावर शिकता येत नाही आणि मी स्वतः इंजेक्शन द्यायला पडद्यावर शिकलेल्या मुलीच्या हातात माझा हात देणार नाही. परंतु संशोधनाच्या प्रशासनात रुग्णाला हात लावायचा नसतो. नियम, करार, अंदाजपत्रक, नोंदी, सांख्यिकीची तोंडओळख, संमतिपत्राची भाषा हे विषय वाचून, लिहून, चर्चा करून शिकण्याचे आहेत आणि प्रत्यक्ष अनुभव विद्यार्थी नोकरीच्या जागी रोज घेतच असतो. तेव्हा हा विषय त्या मनाईच्या कक्षेत येतो की नाही, याचा स्पष्ट खुलासा आयोगाने करावा. संदिग्धता राहिली तर कोणतेही विद्यापीठ या वाटेला जाण्याचे धाडस करणार नाही.

खुलासा अनुकूल आला, तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ या नाशिकच्याच दोन विद्यापीठांनी मिळून अशी पदवी सुरू करणे मुळीच अशक्य नाही. एकाकडे नोकरदारांना शिकवण्याचा १९८९ पासूनचा अनुभव आहे, दुसऱ्याकडे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. कामाच्या अनुभवालाही क्रेडिट देण्याची सोय राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने २०२३ मध्येच करून ठेवली आहे. जीएनएम झालेल्या आणि दहा वर्षे चाचण्या हाताळलेल्या परिचारिकेला पहिल्या वर्षाच्या वर्गात बारावी उत्तीर्ण मुलांबरोबर बसवण्याचे कारण नाही. अभ्यासक्रमात एक विषय मात्र अमेरिकेतील कोणत्याही विद्यापीठाकडून उसना घेता येणार नाही, तो म्हणजे मराठीत संमतिपत्र लिहिणे आणि ते समजावून सांगणे. तो परळच्या वॉर्डांतच शिकवावा लागेल, आणि केईएम व टाटा ही दोन्ही रुग्णालये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असताना त्यासाठी जागा शोधावी लागणार नाही.

आमच्या रुग्णालयात माझ्यासारख्या, पदविकेवर काम करणाऱ्या सात समन्वयक आहेत. त्यांपैकी पाच जणींनी अमेरिकेच्या शुल्काचा आकडा पाहून माहितीपत्रक परत दिले. या दोन विद्यापीठांपैकी एकाने जरी पुढील शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशापूर्वी आपली भूमिका जाहीर केली, तर त्या पाच जणींचे अर्ज पहिल्याच दिवशी पोहोचतील. माझा अर्ज तोवर अमेरिकेला गेलेला असेल. राजपत्राची प्रत तेवढी हाती यायची आहे.

आपली विश्वासू,
एक स्टडी कोऑर्डिनेटर, परळ, मुंबई

(नोकरीच्या कारणास्तव नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)