पाहुण्या सिस्टर शिकवून जातात, त्यानंतर काय? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पॅलिएटिव्ह केअर (बऱ्या न होणाऱ्या पेशंटच्या वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा) शिकलेल्या नर्स-डॉक्टरांच्या बदल्या, जिल्ह्यातलं वेदनाशामक मॉर्फिन आणि परदेशी स्वयंसेवकांची मदत याबाबत

सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात घरोघरी जाऊन पेशंट बघणारी नर्स आहे. मोठ्या दवाखान्यातून "आता काही करता येणार नाही, घरी घेऊन जा" असं सांगून पाठवलेले पेशंट आमच्याकडे येतात. खरं तर आम्हीच त्यांच्याकडे जातो. बहुतेक कॅन्सरचे, काही लकव्याचे, काही किडनीचे. चौदा वर्षं हे काम करते आहे. आज लिहायला बसले ते तक्रार म्हणून नाही, एका माणसाच्या कष्टांचं आपल्या हातून काय होतंय ते आपल्या कानावर घालावं म्हणून.

ब्रिटनमधल्या एका हॉस्पिसमधून, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणाऱ्या संस्थेतून, निवृत्त झालेल्या एक सिस्टर दर हिवाळ्यात स्वतःच्या खर्चाने आमच्याकडे येतात. सहा आठवडे राहतात. औषध लिहून देत नाहीत, सलाइनला हात लावत नाहीत. आमच्याबरोबर गाडीत बसतात, पेशंटच्या घरी शेजारी बसतात आणि परतताना एकेका पेशंटबद्दल विचारत राहतात. असं का केलंस? घरच्यांना काय सांगितलंस? रात्री दुखलं तर ते कोणाला फोन करणार?

त्यांच्या पहिल्याच वर्षी जत भागातल्या एका वस्तीवर गेलो होतो. आज्जीला गालाचा कॅन्सर होता, आयुष्यभर मिश्री लावलेली. जखम बाहेर फुटली होती आणि तिचा वास इतका की घरच्यांनी खाट शेळ्यांच्या सपरात हलवली होती. सून ताट ठेवायची आणि नाकाला पदर लावून मागे फिरायची. दुष्ट नव्हती ती, तिला मळमळायचं. सिस्टर घोंगड्यावर बसल्या, आज्जीचा हात हातात घेतला आणि गाडीत घोकलेलं एकच मराठी वाक्य म्हणाल्या : "दुखतंय का, आज्जी?" मग त्यांनी मला मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या मागितल्या. जुलाबाला देतो त्याच. वाटीच्या बुडाने कागदावर बारीक कुटल्या, जखम धुऊन घेतली आणि ती भुकटी वर पसरली. हे सुनेला तिच्याच हाताने करायला लावलं. चार-पाच दिवसांत वास उतरला. पुढच्या भेटीला खाट ओसरीवर होती आणि नातू आज्जीच्या पायाशी बसून अभ्यास करत होता.

मॉर्फिनच्या गोळीचंही तसंच. ती दुखायला लागल्यावर द्यायची नसते, दुखणं यायच्या आधी, दर चार तासांनी द्यायची असते. सुनेला घड्याळ कळत नव्हतं. मग पुठ्ठ्यावर कोंबडा, डोक्यावरचा सूर्य, गोठ्याकडे येणाऱ्या शेळ्या अशी चित्रं काढली आणि खाली गोळ्या चिकटवल्या. झोपायच्या वेळच्या चांदणीखाली दोन गोळ्या, म्हणजे मध्यरात्री कोणाला उठायला नको. आज्जी एकवीस दिवस जगल्या. वेदना पूर्ण गेल्या असं मी म्हणणार नाही, पण त्या झोपायच्या, बोलायच्या.

पुढच्या वर्षी सिस्टरांच्या ओळखीच्या लोकांनी वर्गणी काढून एक यंत्र पाठवलं. पेशंटच्या कातडीखाली औषध थेंबथेंब सोडणारं, बॅटरीवर चालणारं. देणाऱ्यांच्या मनात प्रेमच होतं. पण त्याला लागणाऱ्या नळ्या इथे मिळेनात, बिघडलं तर दुरुस्त करणारं कोणी नाही. ते कपाटात आहे. पुठ्ठ्यावरची चित्रं मात्र आज आमच्या प्रत्येक घरभेटीत असतात. बाहेरून येणाऱ्या मदतीत काय टिकतं, हे मी या दोन गोष्टींवरून शिकले. शिकवलेलं टिकतं, पण शिकलेलं माणूस जागेवर राहिलं तरच.

आणि आपल्याकडे नेमकं तेच राहत नाही, साहेब. मागच्या काही वर्षांत सिस्टरांनी सरकारी रुग्णालयातल्या तीन नर्सना आमच्याबरोबर तयार केलं. त्यातली एक तर माझ्यापेक्षा चांगली झाली होती. पेशंटच्या नवऱ्याशी ती ज्या पद्धतीने बोलायची ते ऐकत राहावंसं वाटायचं. आठ महिन्यांत तिची ऑपरेशन थिएटरला ड्यूटी लागली. दुसरीची बदली झाली. तिसरी आहे, पण प्रसूती वॉर्डात. ज्या डॉक्टरांनी वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलं होतं त्यांचीही बदली झाली आणि त्यांच्या पाठोपाठ मॉर्फिनही गेलं.

ते कसं गेलं, हे सांगते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन ठेवणं इतकं किचकट झालं होतं की एकेका साठ्यासाठी चार-पाच परवाने लागत, आणि एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात पडत नसे. २०१४ साली संसदेने त्यात दुरुस्ती केली. मान्यताप्राप्त रुग्णालयाला राज्याच्या औषध प्रशासनाची एकच मान्यता पुरेशी झाली. अट एक : तिथे वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा. म्हणजे त्या एका डॉक्टरची बदली झाली आणि त्या जागी दुसरा प्रशिक्षित डॉक्टर आला नाही, की कायद्याने उघडलेलं दार आपणच बंद करतो. कोणी मुद्दाम करत नाही. बदल्यांची यादी काढणाऱ्या टेबलाला मॉर्फिनच्या मान्यतेची खबर नसते, एवढंच. पण त्या रात्री ओरडणाऱ्या माणसाला त्याने काय फरक पडतो?

जगभराचा हिशोब मी एकदा वाचला आणि तो डोक्यातून जात नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली मांडलं होतं की जगात वर्षाला मॉर्फिनच्या जातीची जी साधारण २९८.५ टन औषधं वाटली जातात, त्यातली फक्त ०.१ टन, म्हणजे शंभर किलो, सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला येतात. मॉर्फिन बनतं अफूपासून. आणि कायदेशीर अफू पिकवणारा देश कोणता? आपणही त्यात आहोत. मंदसौर-नीमचच्या शेतांत ती पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. महाराष्ट्राच्या शेजारच्या राज्यात पिकणारी गोष्ट जतच्या वस्तीवर पोचत नाही.

हे बदलता येतं, आणि गरीब देशांनी ते बदलून दाखवलं आहे. युगांडाचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १९९३ साली डॉ. अ‍ॅन मेरिमन या ब्रिटिश डॉक्टर युगांडाच्या राजधानीत, कंपालाला, गेल्या तेव्हा हाताशी जेमतेम तीन महिने पुरतील एवढे पैसे होते. त्यांच्या संस्थेत मॉर्फिनची पावडर पाण्यात विरघळवून पातळ औषध तयार होऊ लागलं. ताकद ओळखू यावी म्हणून त्यात खायचा रंग, हलकं ते हिरवं. स्वस्त, तोंडाने घ्यायचं, घरी ठेवता येणारं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. युगांडाच्या सरकारने ते आपलं मानलं. २००४ साली नियम बदलून खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना मॉर्फिन लिहून देण्याची मुभा दिली. रुग्णाला ते मोफत मिळू लागलं. बाहेरून आलेल्या बाईंनी सुरू केलं आणि देशाने ते आपल्या कायद्यात बसवलं.

केरळचंही तेच. १९९३ साली कालिकतच्या मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहानसा दवाखाना सुरू केला. गिली बर्न नावाच्या ब्रिटिश नर्सचा त्यांना मोठा आधार झाला. ऑक्सफर्डचे डॉ. रॉबर्ट ट्वायक्रॉस वर्षानुवर्षं भारतात येऊन शिकवत राहिले. मग काम गावातल्या लोकांनी उचललं, रिक्षावाल्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी. २००८ साली राज्याने धोरण केलं आणि आज तिथल्या पंचायती पॅलिएटिव्ह नर्स नेमतात. परदेशी पाहुण्यांची गरज उरली नाही, हे त्या पाहुण्यांचं सर्वांत मोठं यश.

महाराष्ट्र मागे होता असं कोणी म्हणू नये. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला उभं राहिलं. पुण्यात वारज्याला १९९७पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र आहे. टाटा रुग्णालयात तर स्वतंत्र विभाग आहे. २०१२ साली आपल्या राज्याचंही पॅलिएटिव्ह धोरण आलं. ज्ञान आहे, माणसं आहेत, धोरण आहे. मग तालुक्यात काय अडतं?

माझ्या अनुभवाने सांगते. पॅलिएटिव्ह हे आपल्याकडे कोणाचंच 'पद' नाही. ते कोणाच्या तरी आवडीचं, वरकामाचं काम आहे. म्हणून आपल्याकडे एवढंच मागते की एक शासन निर्णय काढा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एक डॉक्टर आणि दोन नर्स या कामासाठी नावानिशी नेमा, आणि त्यांच्या जागी प्रशिक्षित माणूस रुजू होईपर्यंत त्यांची बदली थांबवा. मॉर्फिनचा साठा संपायच्या आधी मागणी जावी, ही जबाबदारी त्यांच्यातल्याच एकाची. परदेशातून कोणी संस्था किंवा स्वयंसेवक यायचे असतील तर त्यांना आनंदाने बोलवा, पण विचारा : किती वर्षं येणार? कोणाला शिकवणार? दोन आठवडे येऊन फोटो काढून जाणाऱ्यांपेक्षा दर वर्षी येणारी एक सिस्टर मला मोलाची वाटते. आता तर बारा महिने व्हिडिओ कॉलवर पेशंटची चर्चा करता येते. तिकडचे डॉक्टर सकाळचा चहा घेत बसलेले असतात आणि आम्ही दुपारच्या घरभेटी उरकून. तेवढ्यासाठी विमान लागत नाही.

आणखी एक मागणं आहे, कदाचित आपल्याला ते चकित करेल. आपल्या नर्सनाही बाहेर पाठवा. नेपाळमध्ये, आफ्रिकेत. सहा आठवड्यांची रजा कर्तव्यावरची धरा. जखमेच्या वासाचं काय करायचं, घड्याळ न येणाऱ्या सुनेला गोळ्यांची वेळ कशी समजवायची, हे लंडनपेक्षा जतच्या नर्सला जास्त चांगलं माहीत आहे. आम्ही घेतलं तसं देऊही शकतो.

सिस्टर जानेवारीत येणार आहेत. वय एकाहत्तर. तिकीट काढलं आहे. परवा त्यांचा मेसेज आला, नेहमीसारखा थोडक्यात : "या वेळी कोणाला शिकवू?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. आपल्या खात्याकडून मला नर्सची दोन नावं हवी आहेत, जी पुढच्या जानेवारीतही त्याच जागेवर असतील.

आपली,
पॅलिएटिव्ह घरभेट पथकातील एक नर्स,
जि. सांगली