जाळं कापलं त्याची माफी, बाकी सगळ्याचे आभार

मावशी, नमस्कार.

ओळख द्यायची तर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उजनीत तुमचं जाळं कापलं तो मी. निळ्या टोपीतला नव्हे, तो माझा मेहुणा. दुसरा, चष्मेवाला. माझं नाव तुम्ही विचारलं नाहीत, आणि निघताना मी इतका कुडकुडत होतो की तुमचंही विचारायचं राहिलं. नातू सारखा फोन घेऊन बसतो म्हणालात ना, त्याला कधीतरी हे दिसेल आणि तो मोठ्यानं वाचून दाखवेल, एवढ्या भरवशावर लिहितोय.

आधी एक कबुली. होडीत घेताना तुम्ही विचारलंत, "पवता येतंय का?" मी "हो" म्हणालो. येतं, पण सोसायटीच्या टाकीत, छातीएवढ्या पाण्यात. आणि लाइफ जॅकेटं आहेत आमच्याकडे, असं जे मी पुटपुटलो तेही खरं होतं. दोन होती, नवीकोरी, गाडीच्या डिकीत. ऑक्टोबरच्या उन्हात कोण घालणार, म्हणून तिथंच ठेवलेली.

आम्ही गळवाले वर्षभर या दिवसांची वाट बघतो. जुलै-ऑगस्टात मुळा-मुठेचं आणि भीमेचं पाणी येतं तेव्हा उजनीचा रंग दुधाच्या चहासारखा. गळाला काय लावलंय ते माशाला दिसत नाही. दसऱ्यापर्यंत गाळ खाली बसतो, पाणी हिरवट निवळतं आणि धरण काठोकाठ असतं. उन्हाळ्यात लोकांनी गाळपेर केलेली रानं, त्यांच्या कडेच्या बाभळी, सगळं पाण्याखाली. त्या काडीकचऱ्यावर मासा चरायला येतो. हे सगळं आम्हाला पाठ होतं. वारा तेवढा आमच्या अभ्यासात नव्हता.

सकाळ चांगली गेली. अग्निपंख बघायला येणारी पुण्याची गर्दी अजून सुरू झाली नव्हती. ते पक्षी पाणी उतरून चिखल उघडा पडला की येतात. म्हणजे सगळं पाणी आपलंच, असं आम्हाला वाटलं. मेहुण्याला किलोभराचा रोहू लागला. माझ्याकडे जपानी रीळ, घरी मळलेला पेंडीचा चारा, आणि भेंडं काही हलेना. म्हणून "अजून आत जाऊ" ही सूचना माझी. होडी पत्र्याची, ओळखीतून मागून आणलेली. नांगर म्हणून दोरीला बांधलेला दगड. तो मी होडीच्या मागच्या टोकाला बांधला, कारण बसायला तसं सोयीचं पडत होतं.

तीनच्या सुमारास करमाळ्याच्या बाजूचं आभाळ शाईसारखं झालं. आम्ही त्याचे फोटो काढले. पाच मिनिटांनी वारा आला आणि दहा मिनिटांत लाटा. मागून बांधलेली होडी लाटेबरोबर वर उचलली जाईना. दोरी ताणायची, मागची कड खाली जायची आणि लाट सरळ आत. मेहुणा डब्यानं पाणी उपसतोय, मी नांगर ओढतोय, दगड हलत नाही. वल्ह्यानं जरा मागं जावं म्हटलं तर वल्हं तुमच्या जाळ्यात गुंतलं. खिशात चाकू होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तुमचं पहिलं वाक्य लांबून आलं, "बसा! खाली बसा!" आम्ही दोघंही उभे होतो, हात हलवत. दुसरं वाक्य जवळ आल्यावर, "दोरी कापायची सोडून जाळं कापलं व्हय!" तुमच्या होडीतले मामा एक शब्द बोलले नाहीत. हात लांब करून माझ्या हातातला चाकू घेतला, नांगराची दोरी एका ओढीत तोडली, आणि खालून कुणी धरून ठेवलेलं सोडावं तसं होडीचं टोक वर आलं. त्या एका क्षणाचे आभार वेगळे मानायला हवेत. मामांनी चाकू मिटून परत दिला, हेही लक्षात आहे.

मी काठाकडे बोट दाखवत होतो. वारा तिकडेच नेत होता, मला वाटलं बरंच झालं. तुम्ही म्हणालात, "काठाला बाभळीची खोडं हायत. लाटंनं त्याच्यावर आपटली की पत्रा फाटंल." मग आमच्या होडीला पुढून दोर बांधलात. दोन्ही होड्यांची तोंडं वाऱ्याला धरून ठेवलीत, आडवी पडू दिली नाहीत, आणि आम्हाला तसंच मागं मागं सरकू दिलंत. बेटाच्या अंगाला आल्यावर चार वल्ही मारलीत आणि आडोशाला घेतलंत. भीती वाटायची ती सगळी मला आडोशाला आल्यावर वाटली. तुम्ही तेव्हा तंबाखू मळत होतात.

२०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला येणारी बोट अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली, हे आम्ही दोघांनीही पेपरात वाचलं होतं. २१ मे ही तारीखसुद्धा मेहुण्याला आठवली, बेटावर बसल्यावर. तुम्ही म्हणालात, "पावसाळ्यातला वारा ठरलेला, तिकडनं येतो. दसऱ्याच्या वाऱ्याला घर नसतंय." आता दुपारी दोननंतर पाण्यावर नाही, हे तेवढ्यावरच ठरलं.

पण मला खरं लिहायचंय ते त्या दीड तासाबद्दल. पाऊस लागला, तुम्ही खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतलीत आणि कापलेलं जाळं मांडीवर घेऊन बसलात. म्हटलं, शिव्या पडणार. तुम्ही मासे सोडवत होतात. मेहुण्यानं विचारलं की उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्याही खाली गेली होती, मग एवढे मासे राहिले कुठं? तुम्ही हसलात. "उणं पेपरात असतंय. पाणी असतंयच की." घरी येऊन बघितलं तर तुमचंच खरं. धरण ११७ टीएमसीचं, त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. टक्के मोजतात ते त्याच्या वरच्या पाण्याचे. शून्य टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक! इतकी वर्षं पेपर वाचून मला हे कळलं नव्हतं.

मग ती चिलापी. वीतभर असेल. कल्ल्याखाली तंगूस रुतलेला, आणि तोंड गच्च मिटलेलं, गाल फुगलेले. तुम्ही अंगठ्यानं जबडा दाबलात आणि तळहातावर काहीतरी सांडलं. आधी मला वाटलं खाल्लेलं बाहेर आलं. तांदळाच्या कणीएवढी पिल्लं होती ती, प्रत्येकाला दोन काळे डोळे, बाकी सगळं आरपार दिसणारं, आणि तुमच्या हाताच्या रेषांमध्ये साचलेल्या पाण्यात वळवळत होती. "तोंडात सांभाळती," तुम्ही म्हणालात. "बाहेर सोडती, भ्याली की परत आत घेती." मासा पाण्यात धरून त्याचं तोंड तुम्ही तांब्या विसळावा तसं विसळलंत. पिल्लं पाण्यात, आई टोपलीत. मी विचारलं, आता त्यांना आत कोण घेणार? "कोण न्हाय. जगतील ती जगतील."

ही आफ्रिकेची मासळी १९५२ साली भारतात आणली, हे मी तिथं सांगणार होतो. बरं झालं नाही सांगितलं. भिगवणच्या हॉटेलांच्या पाटीवर ती केव्हाच गावची झालीय. कटला-रोहू आता का लागत नाही याचं तुमचं कारण वेगळं होतं: बारीक आसाचं वडाप जाळं लावून बोटाएवढी पिल्लंही कुणी कुणी उपसून नेतात, आणि नावं चिलापीला ठेवतात. ते सांगताना तुमचा आवाज पहिल्यांदा चढला. आमच्यावरसुद्धा एवढा चढला नव्हता.

वारा पडल्यावर तुम्ही कापलेला भाग हातानं मोजलात. सोळा हात. तंगूस, शिसं, भेंडं धरून सहाशे रुपये. मी दोन हजार पुढं केले. तुम्ही ओल्या पिशवीतून चौदाशे मोजून परत दिलेत. जाळ्याचे घेईन, काढल्याचे नाही. "उद्या आमची उलटली तर तुमी काय पैसं मागणार हाय का?" मला पोहता येत नाही, हे निदान तेव्हा तरी सांगायला हवं होतं. नंतर तुमच्या ओट्यावर मिळालेल्या भाकरीचा आणि कालवणाचा हिशोब तर झालाच नाही.

सध्या पोहायला शिकतोय. आठवड्यातून तीन दिवस, सगळी मुलं दुसरी-तिसरीतली, त्यांच्यात मी. श्वास सोडायला अजून जमत नाही. जॅकेटं आणखी दोन घेतलीत, तुमच्यासाठी. ती घालून जाळं ओढता येत नाही असं मामा म्हणाले होते, तर ही जरा पातळ आहेत, बाह्या मोकळ्या राहतात. घालून बघा. नाहीच जमलं तर येता-जाता तरी घाला.

तुळशीचं लग्न झालं की येतो. मेहुणा येईलच असं नाही, त्याच्या बायकोनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, फोटो बघितले.

एक राहिलं. होडीवाला दगडाचेही पैसे मागतोय. तो हलेना तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, खाली आमचं जुनं गाव हाय, भिंतीत बसला असंल. धरण झालं तेव्हा तुम्ही दुसरीत होतात आणि शाळा त्याच बाजूला होती, असंही म्हणालात. उन्हाळ्यात पाणी उतरून ती भिंत उघडी पडली तर जरा बघा. दगडाला पिवळी दोरी आहे, हातभर, टोक तुटलेलं. सापडला तर ठेवून घ्या, मी न्यायला येईन.

तुमचा,
चष्मेवाला