वजनकाट्यावरच्या त्या रात्रीबद्दल, अक्का, थँक्यू

अक्का, तुमचं नाव इथे घालत नाही, घातलं तर उद्या सकाळी फोन करून झाडाल मला. पण क्लाउडवाल्यांच्या सर्व्हिस डेस्कवरची अक्का म्हटल्यावर आमच्या कारखान्यातल्या ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

बाकीच्यांसाठी सांगतो, मी चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्यात आयटी बघतो. आयटी म्हणजे मी एकटाच, प्रिंटरचं टोनर संपलं तरी मलाच हाक आणि ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा हिशोब ठेवणारी सिस्टीम, क्लाउडवर गेल्यापासनं तिकडची सगळी तिकिटं, म्हणजे तक्रारी नि मागण्या, पण मीच टाकतो. आणि आधी मी तिकीट कसं टाकायचो माहितीय? 'सिस्टीम स्लो आहे, अर्जंट, प्लीज डू द नीडफुल.' बास. प्रत्येकाला सिव्हिअॅरिटी, म्हणजे किती गंभीर तो नंबर, 1. नवीन युजर पाहिजे तरी 1, रिपोर्टमध्ये कॉलम पाहिजे तरी 1. सिव्ह 1 म्हणजे प्रॉडक्शन, रोजचं खरं काम चालतं ती सिस्टीम, बंद पडलंय, आणि ते लावलं की समोरचा माणूस चोवीस तास जागा आणि आपला माणूस पण फोनवर चोवीस तास हजर पाहिजे, हे मला कोण सांगणार. मी सिव्ह 1 लावून घरी जाऊन झोपायचो.

आता ती रात्र. ऐन गाळप हंगाम, त्या दिवशी साफसफाईसाठी गाळप बंद होतं, म्हणून मी सिस्टीमच्या अपडेटची रिक्वेस्ट टाकलेली, वेळ लिहिली 22:00. रात्री दहाला काट्यावर एक गाडी नसणार, मस्त हिशोब. दहा वाजले, काही झालं नाही, अकरा वाजले, मी म्हटलं पुढे ढकललं असेल, झोपलो. तिकीट टाकायच्या पोर्टलवरची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे, हे डोक्यातच नाही. 22:00 यूटीसी म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. तोवर गाळप परत सुरू झालेलं, निपाणीकडनं, कागलकडनं ट्रॉल्या येऊन रांग गेटच्या बाहेर, आणि बरोब्बर साडेतीनला काट्याच्या स्क्रीनवर फिरतं चक्र. काटा क्लार्क कन्नडमधनं ओरडतोय, ट्रॅक्टरवाले मराठीतनं, मी स्वेटर उलटा घालून बाईकवर.

ऑन कॉल तुम्ही होता. मी फोनवर पहिलं वाक्य काय बोललो, तर 'तुमच्या लोकांनी न विचारता सिस्टीम बंद केली.' तुमच्यासमोर माझंच तिकीट उघडं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, 'तू लिहिलंस तेच केलंय त्यांनी, ते राहू दे आता, काटा कसा चालवूया बघू की.'

मी म्हणत होतो अपडेट कॅन्सल करा. तुम्ही नाही म्हणालात, अर्ध्यात थांबवून मागे फिरवायला पुढे पूर्ण करण्यापेक्षा जास्त वेळ लागेल. त्या वेळी मला तुमचा लय राग आला, खरं सांगतो. मग तुम्ही काटा क्लार्कला फोनवर घेतलंत, त्याच्याशी कन्नडमध्ये बोललात, छापील पावतीबुकातनं सलग नंबर, गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, आणि वेळ, वेळ विसरायची नाही. वेळेवर एवढा जोर का ते नंतर कळलं. उसाचे पैसे 14 दिवसांत द्यायचे, 1966च्या ऊस नियंत्रण आदेशात तसं आहे, चुकलं तर 15 टक्क्यांनी व्याज. दुसऱ्या दिवशी आम्ही पावत्या चढवणार आणि सिस्टीम एंट्रीची तारीख पकडणार, म्हणजे शेतकऱ्याचा एक दिवस गेला. क्लाउडवाल्या बाईला हे सुचलं, मी कारखान्यात असून मला नाही.

पावणेसहाला सिस्टीम आली. एकही ट्रॉली परत गेली नाही.

पण आभार खरं तर त्यासाठी नाहीत. नंतर जो कारणमीमांसेचा रिपोर्ट आला त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. 'रिक्वेस्टच्या फॉर्ममध्ये टाइमझोन विचारलेला नव्हता', एवढंच होतं, आणि पुढच्या आठवड्यात फॉर्ममध्ये तो रकाना आला. आमच्या एमडी साहेबांनी तो रिपोर्ट दोनदा वाचला, मी समोर उभा. मला अजून नोकरी आहे.

मग तुम्ही मला तिकीट लिहायला शिकवलंत, तुमच्या रविवारी, फोनवर. बंद पडलेलं चालू करणं वेगळं आणि नवीन काही मागणं वेगळं, दोन्ही एका डब्यात टाकू नको. कुठलं एन्व्हायर्नमेंट ते लिही, चाचणीची सिस्टीम म्हणजे टेस्ट, की प्रॉडक्शन. झालं हे कसं तपासायचं ते लिही, बिघडलं तर मागे कसं यायचं ते पण लिही. पहाटे तीनला तुला न ओळखणाऱ्या पोराने वाचलं तरी तुला फोन करायची गरज पडू नये, असं लिही, म्हणालात.

आणि ती रिफ्रेशची गोष्ट. प्रॉडक्शनचा डेटा टेस्टवर कॉपी करायला मी सांगितलं, नवीन दराने बिलं तपासायची होती. तुम्ही उलट विचारलंत, शेतकऱ्यांचे मोबाईल नंबर पण खरेच येणार, एसएमएसचा जॉब चालू राहिला तर? म्हणजे टेस्टमधनं हजारो लोकांना खोट्या बिलाचे मेसेज! मला घामच फुटला. तेव्हापासनं आधी बॅच जॉब, म्हणजे आपोआप चालणारी कामं, होल्डवर, नंबर मास्क करून लपवायचे, मगच टेस्ट उघडायचं.

एका रिक्वेस्टला मात्र तुम्ही नाहीच म्हणालात. मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या मूळ यादीत, अर्ध्या गावांपुढे बेळगाव आणि अर्ध्यांपुढे बेळगावी आहे, 1 नोव्हेंबर 2014 ला अधिकृत नाव बदललं तेव्हापासनचा घोळ, एकच करून द्या म्हटलं तर तुम्ही म्हणालात लेखी अप्रूव्हल आण. ते अप्रूव्हल आमच्याकडे कोण सही करतंय, तुम्हाला माहीत आहेच, हसू नका.

बाकी पुढच्या शनिवारचं रिफ्रेशचं तिकीट टाकलंय. रात्री 11:30 आयएसटी, 18:00 यूटीसी, दोन्ही लिहिलंय. सिव्हिअॅरिटी 4.