जिन्याखालचं चिपळूण

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

आपल्या खात्याच्या शहर-रचना स्पर्धेचा निकाल 'आठ दिवसांत' लागणार होता. चार महिने झाले. फोटो मात्र त्याच संध्याकाळी आले, आपल्या शालीसकट.

माझी मुलगी सातवीत आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी घरात शिरली तेव्हा माळ्यावर बसून ती बुडालेल्या पायऱ्या मोजत होती. भिंतीवरची ती पुराची रेघ रंग दिला तरी वर येते. त्याच रेघेवरून तिने स्पर्धेसाठी खोक्यांचं चिपळूण केलं. घरं खांबांवर, शीव नदी म्हणजे सलाईनची नळी, पाणी उपसायला खेळण्यातल्या गाडीची मोटर. पहिल्यांदा आमची सतरंजी भिजली. मग तिने पट्टी लावून नळीचा उतार बदलला. कोळकेवाडी धरणाचं पाणी आणि खाडीची भरती एकाच वेळी आली तर काय, यावर वेगळं पान लिहिलं.

परीक्षकांनी विचारलं, "बाळा, मोठेपणी कोण होणार?" आणि म्हणाले, सजावट जरा कमी पडली. त्यांच्यात अभियंता एकही नव्हता.

अमेरिकेत फ्यूचर सिटी स्पर्धेत सहावी ते आठवीची मुलं हेच करतात. टाकाऊ वस्तू, खर्चाला शंभर डॉलरची मर्यादा आणि मार्गदर्शनाला खराखुरा अभियंता. आपल्याकडे मांडवालाच लाखभर गेले, असं डेकोरेशनवाला सांगतो. पावती मागत बसलो नाही. आणि २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबला, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायच्या प्रयोगशाळेला, शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान आहे ना? पलीकडच्या शाळेत तशी लॅब आहे. थ्रीडी प्रिंटरवर चादर घातलीय, सत्यनारायणाच्या चौरंगासारखी.

अभियंते तरी आणणार कुठून म्हणा! मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, माझी मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती. २०१६ ला महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल माणसांसकट वाहून गेला. २०२३ ला बहादूरशेख नाक्यावरचा उड्डाणपूल बांधतानाच कोसळला. त्यांना कोणी विचारलं का, सजावट कमी पडली म्हणून?

मॉडेल परत मागायला गेलो. शिपायाने जिन्याखाली, जुन्या बॅनरच्या ढिगात दाखवलं. आवक क्रमांकाशिवाय देता येत नाही म्हणाला. बक्षीस राहू द्या, साहेब. निदान त्यातली मोटर सोडवून द्या. ती शेजारच्या पोराच्या गाडीची आहे, तो रोज दारात येऊन विचारतो.

आपला,
सातवीतल्या मुलीचा बाप, चिपळूण