आई, लॉस अलामोस इथून फार लांब आहे

ब्लाकेबर्ग, स्टॉकहोम
नोव्हेंबर अखेर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. कामाचं आणि थंडीचं फोनवर बोलणं होतंच, ते परत लिहीत नाही. हे पत्र मुख्यतः आईसाठी. बंड्याने तिला 'लेट मी इन' दाखवला आणि वर सांगितलं, की ती रक्त पिणारी पोरगी ताईच्या वस्तीतली आहे. तेव्हापासून आई रोज विचारते, रात्री दार नीट लावतेस ना? लावते गं. खालचं मोठं दारही संध्याकाळनंतर बंद असतं.

आणि बंड्याने पाहिला तो सिनेमा अमेरिकेतला आहे. 2010 साली मॅट रीव्ह्जने केलेला. त्यातलं गाव लॉस अलामोस, न्यू मेक्सिको राज्यातलं. गोष्ट मात्र मूळची इथलीच, हे खरं. ती लिहिणारा लिंडक्विस्ट ब्लाकेबर्गमध्येच लहानाचा मोठा झाला. 2004 साली त्याची कादंबरी आली आणि 2008 मध्ये टोमास आल्फ्रेडसनने तिच्यावर स्वीडिश सिनेमा काढला. त्यातला बर्फसुद्धा बराचसा लुलेओ गावचा आहे, इथून रस्त्याने सुमारे 900 किलोमीटर उत्तरेला. आमच्याकडे 1950 च्या सुमाराच्या साध्या इमारती, झाडं आणि मेट्रोचं स्टेशन आहे. भिण्यासारखं काही नाही.

मी दोन्ही पाहिलेत आणि मला मूळचाच जवळचा वाटतो. रीव्ह्जने काम मन लावून केलंय, त्यात काम करणारी मुलं उत्तम आहेत, गाडीच्या आत कॅमेरा ठेवून दाखवलेला तो अपघात तर विसरता येत नाही. पण तो प्रेक्षकाला फार सांगून टाकतो. त्या मुलीबरोबर राहणारा म्हातारा कोण, हे मूळ सिनेमा सांगतच नाही, आपण घरी येऊन विचार करत बसतो. रीमेकमध्ये एक जुना फोटो हातात देतात आणि प्रश्नच संपतो. शिवाय मूळ सिनेमातले दारू पीत बसणारे, आपसात भांडणारे शेजारी रीमेकमध्ये जवळजवळ गाळलेत, त्यांच्या जागी एक पोलीस आणलाय. वस्तीच निघून गेली. मला तीच हवी होती. शाळेत मार खाणारा, अंगणात एकटा उभा राहणारा बारा वर्षांचा ओस्कर त्या वस्तीमुळे कळतो. भिंतीवर टकटक करून तो शेजारच्या एलीशी, म्हणजे त्या रक्त पिणाऱ्या मुलीशी, बोलतो, तेव्हा माझ्या पोटात तुटलं.

त्यात एक प्रसंग आहे. एली दारात उभी राहते आणि आत ये असं म्हण म्हणते. ओस्कर मुद्दाम म्हणत नाही. ती तशीच आत येते आणि तिच्या डोळ्यांतून, कानांतून, सगळ्या अंगातून रक्त यायला लागतं. रीमेकमध्येही हा प्रसंग ठेवलाय. बोलावल्याशिवाय पिशाच्चाने उंबरा ओलांडायचा नाही, ही जुनीच समजूत. पण इथे राहून ती वेगळी कळते. आई, हे तुला पटणार नाही, म्हणून नीट सांगते. इथे न कळवता कुणी कुणाकडे जात नाही. मैत्रिणीकडे चहालाही आठवडाभर आधी ठरवून जायचं. आणि ऑफिसातल्या ताईंनी सांगितलं, की त्यांच्या लहानपणी शेजारचं पोर खेळायला आलं आणि जेवायची वेळ झाली, तर घरचे स्वयंपाकघरात जेवायचे आणि ते पोर खोलीत खेळत थांबायचं. त्याला वाढायचे नाहीत! मी दोनदा विचारलं, उपाशी? त्या म्हणाल्या, उपाशी कसलं, त्याच्या घरी त्याचं ताट तयार असतं, आपण खाऊ घातलं तर त्याच्या आईचा स्वयंपाक वाया जातो, शिवाय तिच्यावर उगीच उपकार होतात. सगळ्या घरांत असं नव्हतं, आता तर बरंच कमी झालंय. मनाने वाईट नाहीत ही माणसं. मी आजारी होते तेव्हा समोरच्या आजींनी आधी चिठ्ठी टाकून विचारलं आणि मग सूप आणून दिलं. तेव्हा 'तिथे तुझं कोण आहे' असं सारखं म्हणू नकोस. आहेत माणसं. रविवारी मराठी मंडळींकडे जाते, जेवण वेळेवर करते, वजनही कमी झालेलं नाही.

बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मला येता येत नाही. डिसेंबरात सुट्टी मिळेना, मी खरंच खूप विचारलं. पैसे सोमवारी पाठवलेत, लेन्स चांगली घ्या, त्यात काटकसर नको. उरतील त्यातून माळवदाची गळती काढून घ्या. ऑपरेशनच्या दिवशी मी फोन जवळच ठेवीन, बंड्याने बाहेर आल्याआल्या कळवावं.

सांगलीच्या स्थळाचा फोटो आणि पत्रिका मिळाली. मुलगा शांत वाटतो. मी नाही म्हणत नाहीये, पण आधी त्याच्याशी चार-पाच वेळा बोलेन, आणि तो इकडे यायला तयार आहे की मी परत यावं असं त्याच्या घरच्यांना वाटतं, हे आत्याने स्पष्ट विचारून घ्यावं. तोपर्यंत गावात बोलू नका. आई, तू दागिन्यांचं काही करू नकोस, बांगड्या मोडायच्या नाहीत, मी साठवतेय. एप्रिलचं तिकीट जानेवारीत काढते, यंदा नक्की.

तुमची,
मनू